मोजणी सामन्याची नको, मुलाची करा : किशोर बेसबॉल स्पर्धांच्या आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
किशोर गटाच्या बेसबॉल स्पर्धांचे आयोजक, संघांचे कोच आणि निवड शिबिरं भरवणारे सर्व जण यांस,

विषय : पिचरच्या फेकींवरची मर्यादा, आणि ती नेमकी कोणाची मोजायची

स.न.वि.वि.

गेली चार वर्षं मी तुमच्या स्पर्धांमध्ये स्कोअररच्या टेबलावर बसतोय. हातात एक छोटा क्लिकर असतो. पिचरने चेंडू टाकला की अंगठ्याने एकदा दाबायचा, आकडा एकाने पुढे सरकतो. एवढंच काम. (क्रिकेटवर पोसलेल्या वाचकांसाठी : 'पिच' म्हणजे इथे खेळपट्टी नव्हे, पिचरने बॅटरकडे टाकलेला प्रत्येक चेंडू. घोळ नको म्हणून मी पुढे 'फेक' म्हणणार आहे.)

गेल्या हंगामातल्या एका शनिवारी सकाळी माझ्या मुलाने तुमच्यापैकी एकांच्या स्पर्धेत ६१ फेकी टाकल्या. वय १३. क्लिकर माझ्याच हातात होता. सामना संपल्यावर मी वहीत ६१ लिहिलं, कोचने सही केली, पंचाने सही केली. तीन तासांनी दुसऱ्या मैदानावर, दुसऱ्या आयोजकांच्या स्पर्धेत, दुसऱ्या संघाचा शर्ट घालून त्याने आणखी ४८ टाकल्या. तिथल्या वहीतही रीतसर नोंद झाली. दोन्ही नियमपत्रकांत मर्यादा सामन्याला ९५ची. ६१ चालतात, ४८ तर आरामात चालतात. दोन्ही वह्या स्वच्छ. संध्याकाळी आंघोळ करून बाहेर आलेल्या मुलाला उजव्या हाताने केस विंचरता येईनात.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. दुपारी दुसरा सामना आहे हे मला ठाऊक होतं. गाडी मीच चालवली. मधल्या वेळात त्याने दोनदा कोपर चोळलं तेही आरशात दिसलं. 'दुखतंय का?' विचारलं, तो 'नाही' म्हणाला, आणि त्या 'नाही'वर विश्वास ठेवणं मला सोयीचं होतं. पुढे डॉक्टरांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे शेजारी शेजारी लावले. डाव्या कोपरात आतल्या बाजूच्या हाडाच्या गाठीजवळची ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून वाढतं ती कूर्चेची पट्टी, बारीक रेघेसारखी दिसत होती. उजव्या कोपरात तीच रेघ फाकलेली. तीन महिने फेकणं पूर्ण बंद. हाडाचा तुकडा सुटला नव्हता, हे नशीब.

या सगळ्यात नियम कोणीच मोडला नाही. तुम्ही नाही, दुसऱ्या आयोजकांनी नाही, कोचनी नाही. म्हणूनच पत्र लिहायला बसलो. नियम मोडून दुखापत झाली असती तर घरातच बोलून विषय संपवला असता.

पहिली गोष्ट त्या ९५ आकड्याची. तो तुमच्या पत्रकात आला कुठून? लिटल लीग या अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉल संघटनेने २००७ साली इनिंग (समोरच्या संघाचे तीन गडी बाद होईपर्यंतची पाळी) मोजणं सोडून फेकी मोजायला सुरुवात केली. त्याला कारण होतं. एक इनिंग आठ फेकींत संपते, दुसरी पस्तीस खाऊन जाते, आणि कागदावर दोन्ही 'एक इनिंग'च. त्या नियमात ७-८ वर्षांच्या मुलाला ५०, ९-१०च्या मुलाला ७५, ११-१२ला ८५, १३ ते १६ला ९५ आणि १७-१८ला १०५ फेकी ठरल्या आहेत. मेजर लीग बेसबॉल ही अमेरिकेतली व्यावसायिक लीग आणि यूएसए बेसबॉल ही तिथली राष्ट्रीय संघटना यांनी २०१४ साली 'पिच स्मार्ट' नावाने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही या वयांसाठी हेच आकडे आहेत. पण हे आकडे दिवसाचे आहेत. एका दिवसात ९५. तुमच्या पत्रकात उतरवताना 'दिवस' जाऊन तिथे 'सामना' आला. एका शब्दाने काय होतं ते मी वर सांगितलंच.

त्या आकड्यांसोबत विश्रांतीचा तक्ताही आहे, तो तर तुमच्या पत्रकात आलाच नाही. १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने २१ ते ३५ फेकी टाकल्या तर एक दिवस सुट्टी, ३६ ते ५० टाकल्या तर दोन, ५१ ते ६५ला तीन आणि ६६च्या पुढे चार. म्हणजे माझ्या मुलाला सकाळच्या ६१नंतर तीन दिवस मिळायला हवे होते. त्याला तीन तास मिळाले. पिच स्मार्ट तर एकाच दिवशी दोन सामन्यांत पिचिंग करू नका, एकाच हंगामात एकाहून जास्त संघांकडून पिचिंग करणं टाळा, असं स्पष्ट सांगतं. आपण मात्र औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचलं आणि डोस वाचायचा राहिला.

आता कोपराकडे येतो, कारण त्यात काय घडतं ते समजलं तर बाकीचं आपोआप समजतं. क्रिकेटमध्ये गोलंदाजाने कोपर वाकवून सरळ केलं की पंच हरकत घेतात. बेसबॉलमध्ये सगळी ताकद तिथूनच येते. हात मागे जातो, कोपर काटकोनाच्या आसपास वाकलेलं असतं, पुढचा हात (कोपरापासून मनगटापर्यंतचा) आणखी मागे लवतो, आणि मग खांदा आतल्या दिशेने फिरतो. या फिरण्याचा वेग प्रयोगशाळेत सेकंदाला सुमारे ७,००० अंश मोजला गेला आहे. त्या वेगाने खांदा सेकंदभर फिरत राहिला असता तर एकोणीस पूर्ण चकरा झाल्या असत्या. हात लवलेला असतानाच्या त्या क्षणी कोपराची आतली बाजू उघडायला बघते, आणि तिला धरून ठेवतो एक लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा चिवट पट्टा, लांबीला बोटाच्या दोन पेरांएवढासुद्धा नाही. प्रौढ पिचरच्या कोपरावर त्या क्षणी सुमारे ६४ न्यूटन-मीटरचा पीळ येतो. मृत शरीरातलं हे लिगामेंट सुटं घेऊन ताणलं तेव्हा ते याच्या साधारण निम्म्यावर तुटलं. मग रोज शंभर वेळा ते तुटत का नाही? कारण उरलेला भार हाडांची बैठक आणि भोवतालचे स्नायू उचलतात. पुढच्या हाताचे स्नायू आवळून कोपर मिटून धरतात.

स्नायू थकले की हा भार कुठे जातो ते वेगळं सांगायला नको.

मुलांच्या बाबतीत अजून एक भानगड आहे. प्रौढाच्या कोपरात सगळ्यात कच्चा दुवा लिगामेंट असतो. वाढत्या मुलात तो मान ग्रोथ प्लेटकडे जातो, वर सांगितलेल्या त्या कूर्चेच्या पट्टीकडे. म्हणून ज्या ताणाने मोठ्यांचं लिगामेंट फाटतं, त्याच ताणाने मुलाच्या हाडाची गाठ मुळापासून ओढली जाते. डॉक्टरांनी १९६०पासून याला 'लिटल लीग एल्बो' असं नाव दिलेलं आहे. नाव गोंडस आहे, खेळण्याच्या दुकानात शोभेल असं. कोपराच्या आतल्या बाजूला जेव्हा ओढ बसते तेव्हा कोपराच्या बाहेरच्या बाजूला दोन हाडं एकमेकांवर दाबली जातात. तिथल्या कूर्चेचा रक्तपुरवठा बिघडून पुढे तुकडे सुटतात, आणि ते दुखणं आतल्या बाजूच्या दुखण्यापेक्षा चिवट. खांद्यातही अशीच ग्रोथ प्लेट आहे, तीही अशीच फाकते. कोपरातली पट्टी पक्की होऊन हाडात मिसळेपर्यंत मुलगा साधारण चौदा ते सतरा वर्षांचा होतो. म्हणजे नेमकी ती वर्षं, ज्यांत तुमच्या सगळ्यात जास्त स्पर्धा असतात.

हे फक्त तर्काने सांगत नाही. अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने २००६ साली दोन गटांची तुलना प्रसिद्ध केली : खांद्याची किंवा कोपराची शस्त्रक्रिया झालेले ९५ किशोर पिचर, आणि कधीच गंभीर दुखापत न झालेले ४५. वर्षात आठ महिन्यांहून जास्त स्पर्धांत पिचिंग करणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट. सामन्याला सरासरी ८०हून जास्त फेकी टाकणाऱ्यांमध्ये चौपट. आणि हात थकलेला असताना नेहमी पिचिंग करणाऱ्यांमध्ये छत्तीसपट. गट लहान होते, त्यामुळे छत्तीस हा आकडा मी दगडावरची रेघ मानत नाही. पण पाच आणि चार यांच्या शेजारी तो ठेवून बघा. थकव्यापुढे बाकीची दोन्ही कारणं बुटकी दिसतात.

त्याच संस्थेने ९ ते १४ वर्षांच्या ४८१ मुलांचा दहा वर्षं मागोवा घेतला, तो अभ्यास २०११ साली आला. गंभीर दुखापत म्हणजे काय, याची त्यांची व्याख्या कडक होती : शस्त्रक्रिया झाली, किंवा हात दुखतो म्हणून मुलाने खेळच सोडला. शंभरात पाच मुलांवर ही वेळ आली. वर्षात १००हून जास्त इनिंग पिचिंग केलेल्या मुलांना हा धोका साडेतीनपट होता. पाच टक्के कमीच की, असं कोणी म्हणेल. तुमच्या गेल्या स्पर्धेत चोवीस संघ होते. प्रत्येकी चार पिचर धरले तर शहाण्णव मुलं होतात. त्यातले पाच जण निवडून दाखवा, मग कमी का जास्त ते बोलू.

'वर्षात १०० इनिंग' हे मोजणार कोण? तुमच्या वहीत तीस, त्यांच्या वहीत पंचेचाळीस, शाळेच्या वहीत चाळीस. कोणाच्याच वहीत शंभर होत नाहीत. हाताला मात्र शर्टाचा रंग कळत नाही.

आणि वह्यांत जे येतं तेही अर्धवटच. फ्लोरिडातल्या हायस्कूल पिचरांवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सामन्याच्या दिवशी माउंडवरून (पिचर जिथून चेंडू टाकतो तो मातीचा उंचवटा) टाकलेला प्रत्येक चेंडू मोजला : सामन्याआधी बुलपेनमध्ये, म्हणजे कडेच्या सरावाच्या जागेत, टाकलेले, प्रत्येक इनिंगच्या सुरुवातीला हात गरम करायला टाकलेले, सगळे. एकूण फेकींपैकी सुमारे ४२ टक्के फेकी अधिकृत आकड्यात धरल्याच जात नव्हत्या. मी हे वाचलं आणि पुढच्या दोन सामन्यांत गंमत म्हणून दुसरा क्लिकर खिशात ठेवला. गंमत पहिल्याच इनिंगला संपली. आमच्या पिचरची सामन्यातली पहिली अधिकृत फेक पडली तेव्हा खिशातला क्लिकर ३८ दाखवत होता.

आता कर्व्हबॉल, म्हणजे हवेत वळण घेणारी फेक. पालकांच्या बैठकीत हात दुखण्याचा विषय निघाला की दहा मिनिटांत गाडी कर्व्हबॉलवर येते आणि तिथेच अडते. किती वर्षांचा झाल्यावर शिकवावा, मनगट कसं फिरवावं, कोणाच्या कोचने लवकर शिकवला. २००२ सालच्या एका अभ्यासात कर्व्हबॉल टाकणाऱ्या मुलांमध्ये खांदेदुखी आणि स्लायडर (वेगात बाजूला सरकणारी फेक) टाकणाऱ्यांमध्ये कोपरदुखी जास्त आढळली होती, तेव्हापासून हा धाक आहे. पुढे प्रयोगशाळेत प्रत्यक्ष ताण मोजले, तर फास्टबॉलचा, म्हणजे साध्या वेगवान फेकीचा, ताण कर्व्हबॉलपेक्षा कमी भरला नाही. त्या दहा वर्षांच्या मागोव्यातही तेराच्या आत कर्व्हबॉल टाकल्याने धोका वाढतो असं सिद्ध झालं नाही. माझं मत विचाराल तर लहान मुलांनी फास्टबॉल आणि चेंजअपवर (तशाच हाताने टाकलेली संथ फेक) भागवावं, घाई काय आहे? पण या वादात जेवढा श्वास खर्च होतो त्याच्या चौथाईने जरी फेकी मोजल्या असत्या तर बरं झालं असतं.

जपानचं उदाहरण जरा सविस्तर देतो. तिथे हा प्रश्न सगळ्या देशासमोर उघड्यावर लढला गेला, आणि तिथल्या आयोजकांनाही तुमच्यासारख्याच अडचणी होत्या. कोशिएनची शालेय स्पर्धा म्हणजे तिथे सणच. १९९८च्या उन्हाळ्यात योकोहामा हायस्कूलच्या दाइसुके मात्सुझाकाने उपउपांत्य सामन्यात १७ इनिंग आणि २५० फेकी टाकल्या. त्याच्या आदल्या दिवशी तो पूर्ण सामना खेळला होता. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यात शेवटची इनिंग टाकायला आला, आणि त्याच्या पुढच्या दिवशी अंतिम सामन्यात नो-हिटर, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिली नाही. पिढ्यान्‌पिढ्या सांगावी अशी गोष्ट, आणि तशीच सांगितली गेली. २०११ साली त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, ते सांगताना आवाज खाली येतो. २०१३च्या वसंत स्पर्धेत सोळा वर्षांच्या तोमोहिरो आनराकूने पाच सामन्यांत ७७२ फेकी टाकल्या. २०१८च्या उन्हाळ्यात अकिताच्या शेतकी शाळेचा कोसेइ योशिदा कोशिएनमध्येच ८८१ फेकींपर्यंत गेला. अख्खा देश टाळ्या वाजवत होता.

त्या टाळ्यांनंतर निइगाता प्रांताच्या शालेय महासंघाने जाहीर केलं की पुढच्या वसंतात आमच्याकडे सामन्याला १०० फेकींची मर्यादा. राष्ट्रीय महासंघाने फेरविचार करायला सांगितलं. लहान शाळांकडे दुसरा पिचरच नसतो, मग त्यांनी काय करायचं, हा मुख्य आक्षेप. निइगाताला माघार घ्यावी लागली. पण विषय मिटला नाही. तज्ज्ञांची समिती बसली आणि २०२०पासून एका पिचरला आठवड्याला ५०० फेकी अशी मर्यादा आली. मला विचाराल तर ५०० हा आकडा फार सैल आहे. तरी त्यात एक गोष्ट त्यांनी बरोबर धरली : मोजणी सामन्याची सोडून पिचरची केली, आणि ती एका सामन्यातून दुसऱ्या सामन्यात सोबत जाते.

मध्यंतरी, २०१९च्या जुलैमध्ये, ओफुनातो हायस्कूलच्या कोचने जे केलं ते तुमच्यातल्या कोचनी वाचावं. त्यांचा पिचर रोकी सासाकी, वय १७, त्याच वसंतात ताशी १६३ किलोमीटरने चेंडू टाकलेला. इवाते प्रांताचा अंतिम सामना, जिंकला की कोशिएन. शाळा ३५ वर्षं तिथे पोहोचली नव्हती. सासाकीने चार दिवसांपूर्वी १२ इनिंगमध्ये १९४ फेकी आणि आदल्या दिवशी १२९ फेकी टाकल्या होत्या. कोचने त्याला अंतिम सामन्यात माउंडवर पाठवलंच नाही. संघ १२-२ असा हरला. शाळेचे फोन तक्रारींनी खणखणत राहिले, देशभर वाद पेटला. सासाकी पुढे व्यावसायिक झाला आणि एप्रिल २०२२मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, १९ स्ट्राइकआउट (बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणं) करत परफेक्ट गेम टाकला, म्हणजे एकाही बॅटरला बेसवर पोहोचू दिलं नाही. गोष्ट इथे थांबवली तर फार गोड होते, म्हणून पुढचंही सांगतो : २०२५ साली मेजर लीगमधल्या डॉजर्स संघाकडून खेळताना त्याचा खांदा दुखावला आणि तो काही महिने बाहेर होता. एक सामना बसवल्याने हाताचा आयुष्यभराचा विमा उतरत नाही. पण त्या दिवशी, त्या १९४ आणि १२९नंतर, सतरा वर्षांच्या मुलाच्या हाताबद्दल निर्णय एका मोठ्या माणसाने स्वतःच्या अंगावर घेतला. आपण तो मुलावर सोडतो. 'टाकशील का रे अजून एक इनिंग?' असं सगळ्या संघासमोर विचारतो. कोणता तेरा वर्षांचा मुलगा नाही म्हणेल?

दुखणं अंगावर काढण्यात मुलं पटाईत असतात, आणि ते कौतुकाचं आहे असं त्यांना आपणच शिकवलं आहे.

वेगाबद्दल थोडक्यात. मेजर लीगने डिसेंबर २०२४मध्ये पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला. त्यात सरासरी फास्टबॉलचा वेग २००८मधल्या ताशी सुमारे १४७ किलोमीटरवरून २०२४मध्ये जवळजवळ १५२वर गेल्याचं दिसतं, आणि प्रत्येक चेंडू पूर्ण जोर लावून टाकण्याची ही सवय दुखापतींचं मोठं कारण म्हणून नोंदवली आहे. ही सवय खाली कुठवर झिरपली आहे ते बघायला निवड शिबिरात जावं लागतं. शिबिरवाल्यांनो, तुमच्या दारात रडार गन लावलेली असते आणि बारा वर्षांच्या मुलांचे आकडे फळ्यावर लिहिले जातात. फळ्यावर नाव वर चढवायला मुलं वजनदार चेंडूंनी सराव करतात. किशोर पिचरांवरच्या सहा आठवड्यांच्या एका प्रयोगात वजनदार चेंडूंनी वेग वाढला खरा, पण त्या गटातल्या जवळपास चौथाई मुलांना दुखापत झाली. तो फळा पुसा. बारा वर्षांच्या मुलाचा वेग कोणाच्याच कामाचा नाही.

'झालीच दुखापत तर टॉमी जॉन आहे की,' हे वाक्य मी टेबलामागे बसून इतक्यांदा ऐकलंय की त्याबद्दल लिहायलाच हवं. २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्या डाव्या कोपरात त्याच्याच उजव्या हातातून काढलेला स्नायुबंध लिगामेंटच्या जागी बसवला. यश येईल याची खात्री खुद्द डॉक्टरांनाही नव्हती. जॉन १९७५चा अख्खा हंगाम घरी होता. १९७६ला परतला, १९८९पर्यंत खेळला, आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. या यशाचा उलटा परिणाम असा की लोकांना आता ती शस्त्रक्रिया म्हणजे गाडीचं सर्व्हिसिंग वाटते. २०१२ सालच्या एका पाहणीत निम्म्याच्या आसपास हायस्कूल खेळाडूंना वाटत होतं की कोपर धडधाकट असतानाही ही शस्त्रक्रिया करून घ्यावी, खेळ सुधारतो. खेळ सुधारत नाही. परतायला वर्षाहून जास्त लागतं, आणि सगळे परतत नाहीत. अमेरिकेतल्या खासगी विम्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा २००७ ते २०११ या काळात या शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के, १५ ते १९ वयोगटातले निघाले. व्यावसायिक खेळाडूंची म्हणून ओळखली जाणारी शस्त्रक्रिया आता शाळकरी मुलांची झाली आहे.

तुमची बाजू मला माहीत आहे. 'आमच्या वेळी आम्ही दिवसभर फेकायचो, काही झालं नाही.' खरंय. पण दिवसभर पूर्ण जोरात, माउंडवरून, निवड समितीसमोर नव्हतं ते. आणि हंगाम संपला की दुसरा खेळ सुरू व्हायचा. ज्यांचे हात गेले ते आज कोच नाहीत, त्यामुळे त्यांची आठवण सांगायला कोणी येत नाही. दुसरा मुद्दा पिचर कमी असण्याचा. लहान संघांची ही अडचण खरी आहे, निइगाताच्या वेळीही खरी होती. त्यावर उपाय एकच दिसतो, आणखी दोन मुलांना पिचिंग शिकवायचं. ती पहिल्या हंगामात धुलाई करून घेतील. घेऊ द्या.

तर मागणं असं. प्रत्येक मुलाची स्वतःची एक फेक-वही असावी. ती संघाच्या कपाटात न राहता मुलासोबत फिरावी, एका स्पर्धेतून दुसरीत, शाळेतून क्लबमध्ये. त्यात तारीख, सामन्यातल्या फेकी, हात गरम करताना टाकलेल्या फेकी, त्या दिवशी कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) म्हणून खेळलेल्या इनिंग आणि वर्षाची एकूण बेरीज, एवढे रकाने पुरेत. कॅचरचा रकाना मुद्दाम घातलाय. पिचरकडे चेंडू परत फेकून फेकून कॅचरचा हातही थकतो. लिटल लीगच्या नियमात ४१ किंवा जास्त फेकी टाकलेल्या पिचरला त्या दिवशी कॅचर होता येत नाही, आणि चार इनिंग कॅचर राहिलेल्याला त्या दिवशी पिचिंग करता येत नाही. आमच्या स्पर्धांत संघातला सगळ्यात दमदार हाताचा मुलगा पिचिंग संपल्यावर सरळ कॅचरचं हेल्मेट चढवतो. वही दाखवल्याशिवाय माउंड नाही, हा नियम तुम्ही आणि पलीकडच्या मैदानाचे आयोजक यांनी मिळून केला तरच चालेल. एकट्याने केलात तर मुलं पलीकडे जातील, हे मलाही कळतं.

वर्षात चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन सलग, असं पिच स्मार्ट सांगतं. तुमचं वेळापत्रक बारा महिन्यांचं आहे. तुम्ही स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही, पण वहीतल्या बेरजेवरून मुलाला बाहेर बसवायचा अधिकार स्वतःकडे घ्या.

थकव्याचं काय, तो तर वहीत मावत नाही. ९५ हा आकडा म्हणजे भिंत, तिथपर्यंत गेलंच पाहिजे असा मुक्काम नव्हे. एखादा मुलगा ४०लाच थकतो. ते टेबलावरून दिसतं : कोपर खांद्याच्या रेषेखाली घसरतं, चेंडू सारखे उंच जायला लागतात, दोन फेकींच्या मधला वेळ वाढतो, मुलगा हात झटकतो, टोपी काढून पुन्हा घालतो. अशा वेळी टेबलावरच्या माणसाला पंचाकडे हात करून सांगता यावं, आणि पंचाने कोचला न विचारता पिचर बदलायला लावावा. या अधिकाराचा गैरवापर होईल म्हणाल. होईल कधीमधी. एखादा सामना त्यापायी हरलाही जाईल.

सोबत वहीचा नमुना जोडला आहे, एका पानाचा, दोन्ही बाजूंनी छापता येईल असा. माझा मुलगा सध्या फर्स्ट बेसवर उभा राहतो आणि चेंडू खालूनच परत देतो. पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी परवानगी दिली तर तो १५ फेकींपासून सुरुवात करणार आहे. त्या १५ कुठे लिहायच्या, ते तोपर्यंत कळवावं.

आपला,
स्कोअररच्या टेबलावरचा एक बाप